भाड्याचं घर

सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली, त्या सगळ्या काळात माझं एक मत पक्कं होतं. जिला घरचे न्यायला तयार नाहीत तिच्यासाठी चांगलासा आश्रम शोधावा, तिला तिथे पोचवावं आणि पुढची फाइल उघडावी. चांगला म्हणजे जिथे दोन वेळचं जेवण आहे, अंगावर धुतलेले कपडे आहेत, गोळ्या वेळेवर मिळतात आणि रात्री फाटकाला कुलूप लागतं. चार-पाच बायकांना गावात भाड्याचं घर घेऊन द्यायचं, मदतीला एक-दोन पगारी बायका ठेवायच्या आणि बाकी संसार त्यांचा त्यांनी करायचा, ही कल्पना पहिल्यांदा एका बैठकीत ऐकली तेव्हा मी म्हटलं होतं, "इथे वॉर्डात रात्रपाळीला सिस्टर मिळत नाही, आणि तुम्ही बंगले घ्यायला निघालात." लोक हसले. मलाही बरं वाटलं.

आता निवृत्तीनंतर मी त्याच कल्पनेची बाजू मांडत फिरते. जुने सहकारी विचारतात, असं काय झालं? त्यांना सांगण्यासारखा एखादा प्रसंग माझ्याकडे नाही. बऱ्याच बारीकसारीक गोष्टी साठत गेल्या आणि माझं मत मलाच जुनं वाटायला लागलं. पूर्ण बदललंय असंही मी म्हणणार नाही.

आमच्याकडे बायका यायच्या त्या बहुतेक पोलिसांच्या गाडीतून. कुणी एसटी स्टँडवर सापडलेली, कुणी फलाटावर, कुणी महामार्गालगतच्या ढाब्यामागे. 1987 च्या जुन्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशांची रिसेप्शन ऑर्डर निघायची आणि रजिस्टरात नोंद व्हायची, 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे 35'. केसांत उवा, पायाला चिघळलेली जखम. आधी डोकं भादरायचं, मग आंघोळ, मग वॉर्डचा झगा. औषधं लागू पडली की काही महिन्यांत ती बोलू लागायची. गावच्या ग्रामदैवताचं नाव, बाजाराचा वार, शाळेतल्या बाईंचं आडनाव असं काहीबाही तुकड्यातुकड्याने यायचं. त्यावरून मी पोलीस ठाण्यांना, तलाठ्यांना, सरपंचांना फोन लावत बसे. अलीकडे आधारची एक वेगळीच मदत होते. शिबिरात बोटं उमटवली की कधी कधी जुनी नोंद निघते आणि त्या पत्त्यावरून घर लागतं.

घर लागलं की आमच्या खोलीत पेढे यायचे. या कामातला सगळ्यात मोठा आनंद तोच, आणि तो खोटा नव्हता. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनमार्फत 1988 पासून हेच केलं. रस्त्यावरचे मनोरुग्ण उचलून आणायचे, बरे करायचे, घरी पोचवायचे. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हाला आमच्याच घरात सत्कार झाल्यासारखं वाटलं. ज्याचं घर वाट बघतंय त्याने घरी जावं, याबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे.

वाट न बघणाऱ्या घरांचं काय करायचं, एवढाच प्रश्न. घाटावरच्या एका गावात मी एका बाईला घेऊन गेले होते. भावाने ओसरीवर सतरंजी घातली, चहा दिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही तिचे दिवस घातले." सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे वारसांची नोंद झाली होती, त्यात तिचं नाव नव्हतं. मी तेव्हा त्याला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. आज वाटतं, तो काही दुष्ट माणूस नव्हता. दोन मुली लग्नाच्या, बायको आजारी, आणि मी पोलीस शिपायाला बरोबर घेऊन दारात उभी. त्याने बहिणीला ठेवून घेतलं. मी परतीच्या एसटीत निवांत झोपले. पुढच्या पावसाळ्यात ती दुसऱ्याच जिल्ह्यात एका स्टँडवर सापडली. औषधं केव्हाच सुटलेली. आमच्याकडे आली तेव्हा रजिस्टरात पुन्हा 'अनोळखी'. मला पाहून हसली तेव्हा ती कोण हे कळलं.

अशा बायका वॉर्डात साठत जातात. आजार आटोक्यात आहे, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिलाय, पण जायला जागा नाही. 2019 मध्ये हंस फाउंडेशनने देशातल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे 36 टक्के माणसं वर्ष किंवा त्याहून जास्त काळ आतच असल्याचं दिसलं. आमच्या वॉर्डात 'वर्ष' हे नव्या माणसाचं माप होतं.

कायद्याने यावर बोट ठेवलं ते 2017 मध्ये. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 19 वं कलम म्हणतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, बेघर आहे किंवा बाहेर कसली सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. बाहेरच्या सोयी, त्यात चार-चौघांची गट-घरंही आली, उभ्या करणं सरकारचं काम. याचा पहिला परिणाम मजेशीर झाला. माणसं हलवायची म्हणून कुठे हलवायची, तर वृद्धाश्रमात आणि भिक्षेकरी गृहात. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. खरं सांगते, त्या आदेशाने आम्ही वैतागलो होतो. दिल्लीत बसून सांगायला काय जातं, असं आम्ही चहाच्या वेळी बोलत होतो.

आश्रम मला का आवडत, याचं प्रामाणिक उत्तर असं की त्याने माझी काळजी संपायची. बाई सुरक्षित आहे, जेवते आहे, माझी सही झाली. आणि चांगले आश्रम आहेतच. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी माउली प्रतिष्ठानमध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना ज्या मायेने ठेवलंय, त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. पण सगळीकडे धामणे नसतात. मी ज्यांना बायका सोपवल्या त्यांतल्या काही ठिकाणांहून मग फोन यायचे, "मॅडम, तुमची बाई रात्रीची ओरडते. घेऊन जा." प्रत्येक संस्थेची एक न लिहिलेली अट असते, त्रास न देणारा माणूस हवा.

शहरातल्या बेघर निवाऱ्यांचंही तेच, फक्त तिथे अट तोंडावर सांगतात: स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. लाखभर वस्तीमागे 100 जणांची सोय असलेला निवारा हवा, असा सरकारी निकष आहे. त्यातले मी पाहिले ते बरेचसे पालिकेच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, संडास जिन्याखाली. लोकलखाली दोन्ही पाय गेलेला एक गृहस्थ माझ्या ओळखीचा होता. हातांवर सरकत तो चौकीदाराशी हुज्जत घालायचा आणि शेवटी पुलाखालीच झोपायचा. त्याला निवाऱ्याने घेतलं नाही; भिक्षेकरी गृहाने मात्र घेतलं असतं, आनंदाने. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात आंधळ्या, अपंग आणि 'असाध्य असहाय' भिक्षेकऱ्याला बेमुदत ठेवून घेण्याची तरतूद आहे. धडधाकट माणसाला मुदत, लंगड्याला मुदत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये हा कायदा दिल्लीपुरता बराचसा रद्द ठरवला. आपल्याकडे तो आहे. तो गृहस्थ गाडी दिसली की सरपटत पुलाच्या खांबामागे जायचा.

तर घर. चेन्नईच्या 'द बनियन'ने 2015 च्या सुमारास 'होम अगेन' नावाने हे काम सुरू केलं. वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेल्या माणसांना साध्या वस्तीतली साधी घरं. पुढे केरळात आणि आपल्या रत्नागिरीतही तशी घरं झाली. मी ज्या घराबद्दल लिहिते आहे ते याच धर्तीवर दुसऱ्या एका लहान संस्थेने घेतलेलं, कोकणातल्याच एका तालुक्याच्या गावात. सल्लागार म्हणून माझं नाव टाकलं होतं. मी होकार दिला तो, हे फसेल तेव्हा जवळ कुणीतरी जाणतं असावं म्हणून.

घर मिळवताना वेडाची अडचण येईल असं मी धरून चालले होते. एका मालकाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याने जात विचारली. आमच्यातल्या एकीला आपली जात सांगता येईना, आणि तो त्यावर अडून बसला. दुसऱ्या ठिकाणी ठरलं होतं, पण शेजाऱ्यांनी मोडता घातला. तिसऱ्या मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मच्छी चालेल. पण नळावर साफ करायची नाही, मांजरं येतात." अकरा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. सही संस्थेने केली. सही बायकांची असावी असा मी हट्ट धरला होता. आपला करार कायदा 1872 चा आहे, आणि मनोरुग्ण माणूस शुद्धीत असताना करार करू शकतो असं त्यात स्पष्ट आहे. मालकीणबाईंच्या वकिलाने तो वाचला होता, तरी मान हलवली. मी तो मुद्दा हरले. अजून हरलेलीच आहे.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघर तपासलं आणि विळी उचलून माझ्या पिशवीत टाकली. वॉर्डात आम्ही नेलकटरसुद्धा मोजून देत असू. संध्याकाळी फोन आला, "ताई, नारळ कशावर खवायचा?" दुसऱ्या दिवशी मी विळी परत नेऊन ठेवली. त्या विळीने आजवर बांगडे, भोपळे आणि एकदा माझंच बोट कापलंय.

या बायकांमध्ये सगळ्यांत वयस्क बाईला सगळे आक्का म्हणतात. वॉर्डात तिने फारसं तोंड उघडलं नव्हतं. घरात आल्यावर ती मच्छीवालीशी बोलायला लागली, म्हणजे भांडायला. वाटा उलटा करून खालचे बांगडे बघायचे, "हे कालचे" म्हणायचं, उठून जायचं नाटक करायचं, सगळं यथास्थित. काही महिन्यांनी शेजारच्या काकूंनी मला अंगणात गाठलं आणि विचारलं, "आक्कांचा मुलगा मस्कतला कुठल्या कंपनीत असतो हो?" आक्काला मुलगा नाही. तिच्या फाइलमधलं प्रत्येक पान मला पाठ होतं. मी लगेच वहीत लिहायला घेतलं, भ्रम पुन्हा सुरू झालेत का, डोस बघून घेणे. मग आत जाऊन तिला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचा दुबईला आहे ना. मग माझा मस्कतला."

मी वहीतली ओळ खोडली. तिला मुलगा नाही हे तिला नीट ठाऊक होतं. ती थाप मारत होती, गावातल्या चार बायका मारतात तशी, बरोबरी राखायला. वॉर्डात हे वाक्य तिने उच्चारलं असतं तर गोळी वाढली असती, आणि वाढवा म्हणणाऱ्यांत मी असते. माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदींमध्ये भ्रम किती आणि थापा किती, हे आता तपासायला मार्ग नाही. थाप मारायला समोर आपली फाइल न वाचलेला माणूस लागतो. ते आम्ही त्यांना कधी भेटूच दिलं नव्हतं.

आतलं बाकी सांगायचं तर, तिथे काही सगळं गोडीगुलाबीने चालत नाही. मालिका कुठली लावायची यावरून दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. वॉर्डात भांडण म्हणजे इंजेक्शन नाही तर दुसऱ्या वॉर्डात रवानगी. इथे एक बाहेरच्या खोलीत झोपली आणि दुसरी आतल्या. वॉर्डात संध्याकाळी सहाला ताटं वाजायची. इथे एकजण रात्री दहाला भात कालवून खाते, आणि तिला तशी सवय होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सोबतीला असणाऱ्या ताई गावातल्याच. मानसशास्त्र त्या शिकलेल्या नाहीत. कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, कुणी ताटात अन्न टाकलं, हे त्यांना आधी कळतं. डॉक्टरांना त्या फोनवर जे सांगतात ते आमच्या राउंडच्या नोंदींपेक्षा कामाचं असतं.

माझी खरी भीती आजार उलटण्याची होती, आणि तो उलटला. सगळ्यांत धाकटीने वजन वाढतंय म्हणून गोळ्या गुपचूप मोरीत टाकायला सुरुवात केली. त्या गोळ्यांनी वजन वाढतं, ती काही खोटं बोलत नव्हती. झोप उडाली, बडबड वाढली, आणि एका पहाटे ती दार उघडून निघून गेली. दुपारी पुढच्या स्टँडवर सापडली. मी संस्थेच्या बाईंना म्हटलं, "मी सांगितलं होतं." हे वाक्य मी फार दिवस जपून ठेवलं होतं. तिला रुग्णालयात दाखल केलं, गोळी बदलली, काही आठवड्यांनी ती उभी राहिली. मी सवयीने तिच्यासाठी आश्रमांना फोन करायला घेतले, तेव्हा सोबतीच्या ताईंनी मला विचारलं, "का? तिचं कपाट आहे की इथे." घरी आली त्या दिवशी तिचा साबण कुणी वापरला यावरून तिने मोठं भांडण काढलं.

माझं मत सगळ्यात जास्त हललं ते इथे. भावाकडे गेलेली आजार उलटताच रस्त्यावर आली होती. आश्रमातली परत पाठवली गेली असती. वॉर्डातून सुटायला आम्ही अट घालत असू, आधी घरात राहण्यालायक होऊन दाखव, मग बघू. आणि लायकी सिद्ध करायला घर काही द्यायचो नाही. इथे घर आधी मिळालं, आणि आजारपणात ते गेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी याच क्रमाने काम सुरू केलं, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर अमेरिकेचं आम्हाला काय, म्हणाले असते.

सगळ्यांना हे मानवतं असं नाही. एका म्हातारीने दोन महिन्यांत परत वॉर्डात न्या म्हणून धोशा लावला. तिथली मावशी तिची मैत्रीण होती, आणि इथे रात्री फार शांत वाटतं म्हणायची. नेलं. दिव्यांग हक्क कायदा, 2016 सांगतो की अपंग माणसावर राहण्याची अमुकच व्यवस्था लादता येणार नाही. हे भाड्याच्या घरालाही लागू आहे, याची आठवण आता मला संस्थेतल्या उत्साही पोरांना करून द्यावी लागते.

पैशाबद्दलची माझी कुरकुर तर शिल्लकच आहे. भाडं, ताईंचे पगार, औषधं, गॅस हे सगळं देणग्यांवर. बायकांना संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार मिळावेत म्हणून तहसील कार्यालयात अर्ज केले, तर 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागितला. जी फलाटावर 'अनोळखी' म्हणून सापडली तिने पंधरा वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? रुग्णालयाचं रजिस्टर पुढे केलं. "हा काही रहिवास नाही," साहेब म्हणाले. एवढी वर्षं तिला आत ठेवून घेतलं, आणि ते कुठे राहण्यात धरलं जात नाही! एकीचं काम कसंबसं झालं, बाकीच्यांचं लटकलेलं आहे. देणगीदार कंटाळले तर हे घर किती महिने तग धरेल, याचा हिशोब मी केलेला आहे आणि तो बायकांना सांगितलेला नाही. सरकारने वॉर्डातल्या खाटेवर होणारा खर्च त्या माणसामागे बाहेर येऊ दिला तर हे चालेल. नाहीतर पाच-दहा घरं होतील, फोटो निघतील आणि वॉर्ड भरलेलेच राहतील.

आता ज्या कारणासाठी पूर्ण बदलले असं म्हणवत नाही, ते. आमचं वडिलोपार्जित घर गावात बंद आहे. सहा खोल्या, विहीर, मागे आगर. होळी-गणपतीला उघडतो, बाकी वर्षभर वाळवीच्या ताब्यात. बायकांच्या भाड्याच्या घराचा करार यंदा संपतोय, मालकीणबाईंच्या मुलाला जागा हवी आहे. संस्थेच्या बाईंनी मला सरळच विचारलं, "ताई, तुमचं देता का?" मी म्हटलं, सामाईक आहे, भावांना विचारावं लागेल. हे खरं आहे. पण पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते सामाईक वगैरे काही नव्हतं. देवघराशेजारच्या खोलीत कोण झोपेल, हे आलं. धाकट्या चुलतभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, वाडीतली माणसं काय म्हणतील?" मी त्याला पाऊण तास समजावलं, आणि बोलताना सगळी उदाहरणं आक्काची दिली. थोरला अजून काही बोललेला नाही. गणपतीला सगळे जमतील तेव्हा विषय काढायचा ठरवलंय. करार त्यानंतर महिन्याभरात संपतो, म्हणून संस्था दुसरीकडेही घर बघते आहे.